डी बॉइन : एका दुर्मीळ फ्रेंच आडनावाची चौकशी

महादजी शिंद्यांच्या कंपूंबद्दल, म्हणजे कवायती पलटणींबद्दल, वाचलेल्या माणसाला त्यांचा सेनापती डी बॉइन याचे नाव नवीन नाही. पाटण, मेडता, लाखेरी या लढायांचे वर्णन त्याच्याशिवाय पुरे होत नाही. फ्रान्समध्ये मात्र हे आडनाव इतके विरळ आहे की शाँबेरी शहराबाहेर ते फारसे कुणाला ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही बहुधा सेनापतीमुळे नाही, तर त्याच्या बायकोने लिहून ठेवलेल्या आठवणींमुळे.

या आडनावाचा उगम विचारला की तीन उत्तरे पटकन सुचतात. एक, पुढे ‘द’ आहे म्हणजे घराणे सरदारी आणि ‘ब्वान्य’ (‘बॉइन’चा फ्रेंच उच्चार) हे कुठल्या तरी जहागिरीचे नाव. दोन, शब्दकोशात अर्थ सापडेल. तीन, कारकुनाने कधीतरी चुकीचे लिहिले आणि तेच रुळले. पहिली दोन उत्तरे चूक आहेत. तिसऱ्यात थोडे तथ्य वाटते, पण तेही पुरे पडत नाही. हे आडनाव एका माणसाने आपल्या हयातीत घडवले, आणि कागदपत्रांच्या आधारे ते बरेच नेमके दाखवता येते.

प्रकरण थोडक्यात असे. मार्च १७५१मध्ये शाँबेरी येथे फरच्या एका व्यापाऱ्याला मुलगा झाला. त्याचे नाव बेन्वा ल बोर्न्य. २१ जून १८३० रोजी त्याच गावात जो वारला, तो काउंट बेन्वा द ब्वान्य. मराठी पुस्तकांत याचेच डी बॉइन, डि बॉयन, डीबॉईन असे निरनिराळे लेखन आढळते. रोमन लिपीत जुने आडनाव बी-ओ-आर-जी-एन-ई, नवे बी-ओ-आय-जी-एन-ई. म्हणजे ‘आर’च्या जागी ‘आय’ आला, आणि पुढचा ‘ल’ जाऊन तिथे ‘द’ बसला. एवढ्याशा फेरफाराने ‘काणा’ या अर्थाचे टोपणनाव सरदारी थाटाचे दिसू लागले.

आजच्या टोकापासून मागे

आडनावाचा शोध नेहमी अलीकडच्या टोकाकडून सुरू करावा. हौशी माणूस थेट मध्ययुगात उडी घेतो, तिथे एखादा नामसदृश सरदार गाठतो आणि मधली चारशे वर्षे कल्पनेने भरून काढतो. फ्रेंच आडनावांच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची, इन्सेची, जन्मांची आकडेवारी. ती १८९१–१९१५, १९१६–१९४०, १९४१–१९६५ आणि १९६६–१९९० अशा चार टप्प्यांत जिल्हावार मिळते. आडनाव टाकले की कोणत्या टप्प्यात, कोणत्या जिल्ह्यात किती जन्म झाले ते कळते.

या आकड्यांवर दोन कारणांनी डोळे मिटून विसंबू नये. मूळ यादी तयार होण्याआधीच जे वारले ते तिच्यात नाहीत, त्यामुळे पहिला टप्पा नेहमी लंगडा असतो. तिथे शून्य दिसले म्हणजे त्या काळी आडनाव नव्हते असे नाही. दुसरे कारण ‘द’, ‘ल’ आणि जोडनावे. यंत्राच्या दृष्टीने ‘ब्वान्य’, ‘द ब्वान्य’ आणि ‘ल बोर्न्य द ब्वान्य’ ही तीन वेगळी आडनावे आहेत. एकच रूप शोधले तर एकाच घरातली भावंडे दोन यादींत विभागली जातात आणि दुर्मीळ आडनाव आहे त्याहून दुर्मीळ भासते.

या प्रकरणाचे कुलूप तिसऱ्या रूपाने उघडते. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत सांघिक कांस्यपदक मिळवणाऱ्या फ्रेंच संघात काउंट राउल द ब्वान्य होता. त्याचे पूर्ण आडनाव ल बोर्न्य द ब्वान्य असेच नोंदलेले आढळते. सेनापती वारल्याला पाऊणशेहून अधिक वर्षे झाली होती, तरी टाकून दिलेले मानले जाणारे जुने आडनाव घराण्याने पुढच्या अंगाला सांभाळून ठेवले होते. शोध खरा घ्यायचा तो ‘ल बोर्न्य’चा, हे इथे कळते. ‘ब्वान्य’च्या मागे कितीही लागलो तरी अठराव्या शतकाच्या पलीकडे हाताला काही लागत नाही.

शब्दकोश कुठवर पुरतो

फ्रेंच आडनावे ढोबळमानाने चार वाटांनी आली: बापाचे नाव, गावाचे किंवा ठिकाणाचे नाव, धंदा, आणि अंगलक्षणावरून किंवा स्वभावावरून पडलेले टोपणनाव. बाराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान ती हळूहळू वंशपरंपरेने चालू लागली. ल बोर्न्य चौथ्या वाटेचे. ‘बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याने अधू. ल ग्राँ म्हणजे उंच, ल रू म्हणजे तांबड्या केसांचा, ल बोस्यू म्हणजे कुबडा, ही त्याच पंगतीतली. असे टोपणनाव कुठल्याही गावात, कुठल्याही शतकात, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दहा माणसांना पडू शकते. म्हणून आडनावाच्या अर्थावरून घराण्याचे मूळ कधीच ठरत नाही.

इथेच एक जुनी फसगत होते. ल बोर्न्य हे आडनाव आज सर्वाधिक ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रेटन लोकांच्या प्रांतात, आहे. नकाशावर तिथे गर्द ठिपका पाहिला की शाँबेरीचे ल बोर्न्य मूळचे ब्रेटन, असा निष्कर्ष लगेच निघतो. नकाशा एवढेच सांगतो की विसाव्या शतकात या आडनावाची माणसे कुठे जन्मली. विशिष्ट कुटुंबाचा माग काढायला त्या कुटुंबाचेच कागद लागतात.

‘ब्वान्य’ला शब्दकोशात अर्थच नाही, आणि ‘द’ लागावा अशी या घराण्याची त्या नावाची जहागीरही नव्हती. एसोन जिल्ह्यात ब्वान्यव्हील आहे, ऑर्लेआँजवळ ब्वान्यी आहे. दोन्ही खरी गावे, पण या कुटुंबाशी त्यांचा काही संबंध नाही. ऐकायला सारखे वाटते म्हणून नकाशावरचे गाव उचलून आणणे हा दुर्मीळ आडनावांच्या शोधातला सर्वांत स्वस्त मोह आहे. शिवाय छापील मजकुराचे यंत्रवाचन करताना ‘एन’ आणि ‘यू’ची गल्लत होते. नियेव्हर जिल्ह्यातल्या फूरशाँबोच्या लोखंडी कारखान्याचे मालक ब्वाग होते. त्यांच्या आडनावाच्या शेवटी जी-यू-ई-एस येते. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संग्रहात ‘ब्वान्य’ टाकून शोधले तर हे ब्वागही हटकून जाळ्यात येतात. निकालाची ओळ वाचून पुढे जाऊ नये, पानाचे चित्र उघडून अक्षर पाहावे.

शाँबेरीचे कागद

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: बेन्वा ल बोर्न्य जन्मला तेव्हा शाँबेरी फ्रान्समध्ये नव्हते. सॅव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राजाचा होता. सप्टेंबर १७९२मध्ये फ्रेंच फौजा शिरल्या, २७ नोव्हेंबर १७९२ला प्रांत फ्रान्सला जोडला गेला आणि त्याचा माँ-ब्लाँ जिल्हा झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५पर्यंत, तो पुन्हा सार्डिनियाकडे गेला आणि १८६०च्या तुरीन तहाने कायमचा फ्रान्सचा झाला. भाषा मात्र आधीपासून फ्रेंच. म्हणजे आडनाव फ्रेंच, पण त्याचे कागद दोन राजवटींच्या चार पद्धतींचे. फ्रान्सच्या इतर भागांसाठी छापलेली मार्गदर्शिका इथे जशीच्या तशी वापरली की माणूस नेमका चुकीच्या कपाटासमोर जाऊन उभा राहतो.

फ्रान्सचा नेहमीचा क्रम असा: १५३९च्या विलेर-कोत्रे फर्मानाने बाप्तिस्म्याच्या नोंदी, १५७९च्या ब्ल्वा फर्मानाने लग्ने व दफनेही, १६६७पासून प्रत्येक वहीची दुसरी प्रत न्यायालयात, आणि २० सप्टेंबर १७९२पासून नोंदी पाद्र्याकडून काढून नगरपालिकेकडे. सॅव्हॉयमध्ये जोडणीपर्यंत चर्चच्या वह्या, मग फ्रेंच अमलात नगरपालिकेच्या, १८१५नंतर १८६०पर्यंत पुन्हा पाद्र्याच्या, आणि त्यानंतर कायमच्या नगरपालिकेच्या. १८३८पासून पाद्र्यांना छापील नमुन्यात नोंद करावी लागे. तिथून पुढे वाचन सोपे होते, कारण आईबापांची नावे ठरलेल्या जागी येतात. त्याआधी सगळा मजकूर सलग असतो आणि पाद्र्याच्या हस्ताक्षराशी झुंज घ्यावी लागते.

फ्रेंच अमलातल्या वह्यांवर क्रांतीच्या दिनदर्शिकेच्या तारखा आहेत: व्हाँदेमिएर, ब्र्युमेर, फ्र्युक्तिदोर. १ जानेवारी १८०६पासून ती दिनदर्शिका बंद झाली. रूपांतराचे कोष्टक हाताशी नसेल तर एकाच मुलाचे दोन जन्मदिवस वंशावळीत घुसतात. या काळापासून दर दहा वर्षांची नाववार सूची मिळते. आधी ती पाहावी, तारीख घ्यावी, मग वही उघडावी. सूचीत ‘ल बोर्न्य’ कधी ‘एल’खाली असतो, कधी ‘बी’खाली. दोन्ही पाहणे भाग आहे.

बाप्तिस्म्याची नोंद सापडली की तिच्यात मुलाचे नाव, आईबाप आणि धर्ममायबाप मिळतात. नोंद लॅटिनमध्ये असेल तर बेन्वाचा ‘बेनेडिक्टुस’ होतो. शाँबेरी हे एका चर्चचे गाव नव्हते. वेगवेगळ्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या वेगवेगळ्या आहेत, आणि एका पॅरिशमध्ये नोंद नाही म्हणून शोध थांबवणे ही नेहमीची चूक. सॅव्हॉय जिल्हा अभिलेखागाराने या वह्यांची चित्रे संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत.

चर्चच्या वह्या कुटुंब सांगतात, ऐपत सांगत नाहीत. ऐपतीसाठी सॅव्हॉयकडे अशी दोन साधने आहेत की उरलेल्या फ्रान्समधल्या संशोधकाने हेवा करावा. पहिले ‘ताबेलियोँ’. १६९७पासून १७९३पर्यंत नोटरीसमोर झालेल्या दस्तांची नक्कल सरकारी कचेरीत जमा होत असे. आपल्याकडच्या दुय्यम निबंधक कार्यालयासारखीच सोय. लग्नाचे करार, मृत्युपत्रे, दुकानाची खरेदी, कर्जाच्या पावत्या, सगळे तिथे. पक्षकारांच्या नावांची सूची असल्याने नोटरी कोण हे माहीत नसले तरी काम होते. व्यापारी घराण्याचा माग चर्चपेक्षा इथे पक्का लागतो, कारण दस्तात धंदा, बापाचे नाव आणि कुठून आला हे लिहिलेले असते.

दुसरे साधन १७२८ ते १७३८ या काळात राजा व्हिक्टर आमेदे दुसरा याच्या हुकुमाने झालेली जमीनमोजणी, ‘माप सार्द’. गावागणिक मोठा नकाशा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि सोबत मालकांच्या नावांच्या वह्या. बेन्वाच्या जन्माच्या आधीच्या पिढीची जमीन कुठे होती का, हे यात कळते. शहरी दुकानदाराच्या नावावर शेत नसणे स्वाभाविक आहे, म्हणून इथे नाव नसल्यास तेवढ्यावरून काही ठरवू नये. त्याहून मागे जायचे तर १५६१ची मीठपट्टीची मोजदाद आहे, जिच्यात घरटी माणसे आणि जनावरे उतरवली आहेत. त्या यादीत एखादे आडनाव प्रांतभर कुठेच नसेल तर घराणे नंतर बाहेरून आले असण्याची शक्यता बळावते.

या सगळ्या थरांत ‘द ब्वान्य’ नावाचे घराणे शोधून उपयोग नाही. शाँबेरीच्या दुकानदाराचे आडनाव ल बोर्न्य होते.

पलटणीत बदललेले नाव

१७६८मध्ये बेन्वा फ्रेंच राजाच्या चाकरीतल्या आयरिश ब्रिगेडमध्ये, क्लेअर रेजिमेंटात, अधिकारी म्हणून दाखल झाला. नावाचा कायापालट या सैनिकी कारकिर्दीतला. व्यापाऱ्याच्या मुलाला अधिकाऱ्यांच्या पंगतीत बसायचे तर नावात ‘द’ असलेला बरा, हे त्या काळचे उघड गणित होते. कायद्याने ‘द’ हा सरदारकीचा पुरावा नव्हता. शेकडो साध्या घरांच्या आडनावात तो होता आणि कित्येक अस्सल सरदारांच्या आडनावात नव्हता. पण लोक कायद्याने चालत नसत, कानाने चालत.

फ्रेंच फौजेत टोपणनावाने वावरण्याची रीत जुनी होती. साध्या शिपायांना ला फ्लर, ला त्यूलिप, साँ-सूसी अशी नावे असत आणि २ जुलै १७१६च्या हुकुमापासून रेजिमेंटच्या नोंदवह्यांत शिपायाचे खरे नाव, टोपणनाव, जन्मगाव, उंची, चेहरेपट्टी असे सगळे उतरवले जाई. या वह्या पॅरिसजवळ व्हँसेनच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. बेन्वाला मात्र त्यांत शोधू नये. तो अधिकारी होता, आणि अधिकाऱ्यांचे कागद वेगळ्या मालिकेत. फौजेत होता म्हणून शिपायांच्या वह्या चाळत बसणे हा हमखास वेळखाऊ गैरसमज आहे.

आता ‘आर’चा ‘आय’ कसा झाला? अठराव्या शतकातल्या घाईच्या अक्षरात ‘आर’ आणि ‘आय’ खरोखरच सारखे दिसतात. टिंब राहिले की संपलेच. शिवाय जुन्या फ्रेंच लेखनात ‘जी-एन’च्या आधीचा ‘आय’ पुष्कळदा मुका असे. कांद्याच्या ‘ओन्यों’ या शब्दात तो अजूनही लिहितात आणि उच्चारत नाहीत. त्या पद्धतीने वाचल्यास नवे आडनाव म्हणजे ‘र’ गिळलेले जुनेच आडनाव. एवढ्यावरून कारकुनाची चूक हे उत्तर पटू लागते. पण कारकुनाच्या चुकीने ‘ल’चा ‘द’ होत नाही, आणि एकाच नावात दोन्ही चुका एकाच दिशेने, वरच्या दर्जाकडे, होत नाहीत. नवे नाव जुन्याच्या इतके जवळ ठेवले की बोलताना फरक अंधुक राहावा आणि लिहिताना उठून दिसावा. आमच्या मते हे योजून केलेले काम आहे.

भावाचा पुरावाही तिकडेच झुकतो. क्लोद-प्येर-जोझेफ हा धाकटा भाऊ क्रांतीच्या काळात सँ-दोमँग (आजचे हैती) वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून पाचशेंच्या सभेत, म्हणजे फ्रेंच विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, बसला. त्या वसाहतीवर १८१७मध्ये त्याने पुस्तक छापले तेव्हा नाव ल बोर्न्य द ब्वान्य असे दिले. एका रेजिमेंटच्या वहीतली चूक दुसऱ्या भावाच्या पुस्तकावर कशी उतरेल?

हिंदुस्थानातली अठरा वर्षे

भूमध्य समुद्रात रशियाच्या बाजूने लढताना तुर्कांच्या कैदेत पडणे, मग सुटका, असा फेरा घेऊन बेन्वा १७७८मध्ये मद्रासला उतरला आणि काही काळ कंपनी सरकारच्या देशी पलटणीत राहिला. १७८४मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला. सुरुवात दोन पलटणींची, प्रत्येकी साडेआठशे माणसांची. पुढे कवायती पायदळाचे कंपू उभे राहिले, खर्चासाठी दुआबात जायदाद, म्हणजे महसुलाचा मुलूख, मिळाली आणि अलीगढ हे ठाणे झाले. पाटणची लढाई जून १७९०ची, मेडत्याची त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली, लाखेरीची १७९३ची.

आडनावाच्या दृष्टीने या वर्षांचे मोल वेगळेच आहे. इथे त्याचा बाप, दुकान, पॅरिशची वही माहीत असलेले कुणी नव्हते. कलकत्त्याच्या, लखनौच्या, दिल्लीच्या इंग्रज पत्रव्यवहारात तो सरळ ‘डी बॉइन’ म्हणून आला आणि त्याच नावाने फौजेचा पैसा, हुंड्या, करार फिरले. नाव कागदोपत्री रुजले ते इथे. मोडीत परकी नावे कानाला जशी लागली तशी लिहिली जात. बुसी या फ्रेंच सेनापतीचा ‘मुसाबुसी’ झाला तो त्याच पद्धतीने. म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधताना एकाच देवनागरी रूपावर अडून बसू नये, आणि उलट मोडी रूपावरून फ्रेंच उच्चार सिद्ध करायलाही जाऊ नये.

त्याच्यानंतर शिंद्यांच्या कंपूंचा मुख्य झालेला पेराँ याच मासल्याचा. त्याचे मूळ नाव प्येर क्यूइए, गाव सार्थ जिल्ह्यातले ल्यूसो. ‘पेराँ’ हे प्येर या नावाचेच लडिवाळ रूप. फ्रान्सला परतल्यावर त्याचेही आडनाव क्यूइए-पेराँ असे जोडून चालले. पेराँ हे फ्रान्समध्ये मुबलक आढळणारे आडनाव. दुर्मीळ आहे ते जोडनाव. दोघांनी परदेशात नवे नाव मिळवले आणि घरी आल्यावर जुने त्याच्यापुढे जोडलेले राहिले. याचे कारण कायद्यात आहे.

घरी आल्यावर

फ्रान्समध्ये १९ जून १७९०च्या ठरावाने वंशपरंपरागत सरदारकी रद्द झाली आणि प्रत्येकाने कुळाचे खरे आडनावच लावावे असे ठरले. ६ फ्र्युक्तिदोर, वर्ष दुसरे, म्हणजे २३ ऑगस्ट १७९४च्या कायद्याने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव लावण्यास बंदी केली. तो कायदा आजही फ्रेंच नाव-नियमांचा पाया आहे. १ एप्रिल १८०३च्या कायद्याने सरकारकडे अर्ज करून आडनाव बदलण्याची वाट उघडली. त्यापूर्वी १५५५च्या आंब्वाझ फर्मानातही राजाच्या परवानगीविना नाव बदलू नये असे होते, पण त्याचा अंमल नावापुरताच राहिला. थोडक्यात, १७६८मध्ये जे कुणी खपवून घेतले ते १८०२मध्ये खपणारे नव्हते. आणि १८०२मध्येच बेन्वाने शाँबेरीजवळचा ब्विसाँ-राँ वाडा विकत घेतला, जेव्हा तो भाग फ्रान्सच्या अमलाखाली होता. जुने आडनाव पुढे आणि नवे मागे, ही रचना या चौकटीत चपखल बसते.

मधला मुक्काम लंडनचा. १७९६च्या अखेरीस त्याने हिंदुस्थान सोडले आणि जून १७९८मध्ये लंडनला आदेल दोस्माँ या परागंदा सरदार घराण्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. नवरा सत्तेचाळीस वर्षांचा. लग्न टिकले नाही. त्याने आपले कूळ, पूर्वायुष्य, इतकेच काय नावसुद्धा लपवले, असा आरोप तिने आठवणींत केला आहे. गंमत अशी की ज्या बनावट नावाची तिला चीड होती तेच तिने जन्मभर लावले आणि फ्रेंच साहित्यात ते तिच्याच नावाने टिकले. असे साक्षीपुरावे वापरताना साक्षीदाराचा राग वजा करावा, पण नावाबद्दलची तिची तक्रार कागदांशी जुळते, म्हणून ती ग्राह्य.

या लग्नाला मूल झाले नाही. आडनाव पुढे गेले ते हिंदुस्थानी घरातून. नूर बेगम, पुढे इंग्लंडात हेलेना बेनेट, हिच्यापासून त्याला एक मुलगी व एक मुलगा होता. नूरची बहीण फैज बक्ष ही विल्यम पामर याच्या घरात होती, आणि हाच पामर १७९८ ते १८०१ पुण्यात कंपनीचा रेसिडेंट होता. बेन्वाची मुलगी अल्पवयात वारली. मुलगा अली बक्ष, इंग्लंडात बाप्तिस्मा होऊन शार्ल-आलेक्झांद्र झाला, त्याने १८१६मध्ये सॅव्हॉयमधल्या सेझारीन व्हियाले द माँबेल हिच्याशी लग्न केले, त्यांना मोठे कुटुंब झाले आणि बापाची काउंटगिरी त्याच्याकडे आली. ती पदवी सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल पहिला याने १८१६मध्ये दिलेली. आज कुणी या आडनावाच्या ‘प्राचीन सरदारकी’बद्दल बोलू लागला तर एवढे पुरे: आडनाव पदवीच्या आधीचे, पदवी एकोणिसाव्या शतकातली, आणि या शाखेचा मूळपुरुष दिल्लीत जन्मलेला. हेलेना आणि तिचा मुलगा दोघेही १८५३मध्ये वारले, ती ससेक्समध्ये.

शाँबेरीत सेनापतीने दवाखाने, नाट्यगृह, रस्ते यांसाठी पैसा ओतला. कमानींचा र्यू द ब्वान्य त्याच्याच नावाचा. १८३८मध्ये उभारलेल्या कारंज्यात चार हत्ती स्तंभाला पाठ लावून उभे आहेत. फक्त पुढचे धड दिसते, म्हणून गावकरी त्यांना ‘बिनढुंगणाचे चौघे’ म्हणतात. आडनाव शोधणाऱ्याने मात्र रस्त्याची पाटी पुरावा म्हणून वापरू नये. पाटीवर लोकांत चालणारे नाव असते, कायद्यातले नाव नाही.

दुर्मीळ आडनाव टिकते कशावर

अशा आडनावाचे आयुष्य एका धाग्यावर असते. मूळपुरुष एक, आणि २००५पर्यंत फ्रान्समध्ये औरस मुलाला बापाचेच आडनाव लागे. दोन पिढ्या मुलगे झाले नाहीत की आडनाव संपले. आता आईचे, बापाचे किंवा दोघांचे जोडून आडनाव देता येते, आणि १ जुलै २०२२पासून सज्ञान माणसाला आईचे आडनाव घ्यायला नगरपालिकेत साधा अर्ज पुरतो. त्याहून दूरच्या नात्यासाठी नागरी संहितेचे ६१वे कलम आहे: पूर्वजाचे किंवा चौथ्या पायरीपर्यंतच्या भाऊबंदाचे आडनाव नष्ट होऊ नये, एवढे कारण दाखवून न्यायमंत्रालयाकडे बदल मागता येतो. अर्जाआधी सरकारी राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि नाते नोंदींच्या साखळीने सिद्ध करावे लागते. साखळीतला एक दुवा जरी अंदाजाने जोडला असेल तरी अर्ज तिथेच अडकतो. पहिल्या महायुद्धानंतर, २ जुलै १९२३च्या कायद्याने, घराण्यातला शेवटचा पुरुष युद्धात पडला असेल तर त्याचे आडनाव उचलण्याची वेगळी तरतूद झाली होती. बरीच लांबलचक जोडनावे तिथून आली आहेत.

नोंदी मागवण्याचे नियम सोपे आहेत. मृत्यूची नोंद कुणालाही लगेच मिळते. जन्म व लग्नाच्या वह्या पंचाहत्तर वर्षांनी खुल्या होतात. त्याआधी पूर्ण नक्कल फक्त त्या व्यक्तीला, जोडीदाराला आणि थेट पूर्वज-वंशजांना. नगरपालिकेकडून नक्कल फुकट येते. लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान मिळालेल्यांच्या फायली लेओनोर या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत आहेत, आणि त्या फायलीत जन्मनोंदीची नक्कल जोडलेली असते. नाव बदललेल्या माणसाचे मूळ नाव पकडण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता.

पुदुच्चेरी, माहे, चंद्रनगरच्या फ्रेंच नोंदी एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या परदेशी वसाहतींच्या अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याचशा संकेतस्थळावर वाचता येतात. तिथे एक वेगळीच अडचण येते. २१ सप्टेंबर १८८१च्या हुकुमाने ज्या हिंदी प्रजाजनांनी आपला वैयक्तिक कायदा सोडला त्यांना आडनाव निवडावे लागले, आणि कित्येकांनी फ्रेंच घाटाची नावे घेतली. पुदुच्चेरीत भेटलेले विरळ ‘फ्रेंच’ आडनाव फ्रान्समध्ये कुठेच सापडले नाही तर आधी या निवडलेल्या आडनावांची नोंद पाहावी.

डी बॉइनपुरते सांगायचे तर वंशावळीच्या तक्त्यात बेन्वाचे आडनाव ‘ल बोर्न्य’ लिहावे, ‘द ब्वान्य’ हे धारण केलेले नाव म्हणून वेगळ्या रकान्यात टाकावे आणि मुलापासून पुढे ‘ल बोर्न्य द ब्वान्य’ हे पूर्ण रूप चालवावे. सूची चाळताना ‘एल’, ‘बी’ आणि ‘डी’ ही तिन्ही अक्षरे पाहावीत. इंग्रजी कागदांत ‘डी’खालीच तो जास्त भेटतो. अली बक्षला मात्र त्याच्या बाप्तिस्म्याआधीच्या नावानेही एक नोंद द्यावी, नाहीतर १८०० पूर्वीचे कागद आणि नंतरचे कागद एकाच माणसाचे आहेत हे तक्त्यात कुठेच दिसणार नाही.